वेड पांघरून पेडगावला, का येरवड्याला?

स्टेशनवर रिक्षात बसून नुसतं 'येरवडा' म्हणालात तर जुना रिक्षावाला हमखास विचारतो, "जेलला का मेंटलला?" आणि विचारताना आरशातून एकदा तुमच्याकडं बघून घेतो. मी हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षं ऐकतोय, कारण शिवाजीनगर कोर्टात फौजदारी कामं करतो, त्यातली बरीचशी विधी सेवावाली म्हणजे आमच्या भाषेत फुकटवाली, आणि माझे पक्षकार या दोनपैकी एका ठिकाणी असतातच. सोळा-सतराचं पोरगं असेल तर तिसरा पत्ता, निरीक्षणगृह आणि बाल न्याय मंडळ, तेही येरवड्यातच. म्हणजे माणसाने काहीतरी भयंकर केलं की त्याला शिक्षा द्यायची, औषध द्यायचं का सुधारायला बसवायचं, हा फौजदारी कायद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न पुण्यात एका रिक्षाच्या भाड्यात बसतो, फक्त वळायचं कुठं ते आधी सांगावं लागतं.

आणि वळायचं कुठं यावरच सगळे भांडतात. पेपरात आलं की आरोपीचा वकील म्हणतोय तो मनोरुग्ण आहे, की कोर्टाबाहेरच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच वाक्य, निघाला बघा वेड पांघरून पेडगावला. मी वकील व्हायच्या आधी हेच म्हणायचो, खोटं कशाला बोलू. आता म्हणत नाही, पण त्याचं कारण मी फार दयाळू झालो असं नाही, आरोपीची बाजू घेऊन माणूस दयाळू वगैरे होत नाही, उलट जरा निबरच होतो. कारण एवढंच की कायदा जो प्रश्न विचारतो तो मला बरोबर वाटतो, आणि त्याचं उत्तर शोधायची आपली जी पद्धत आहे ती मात्र साफ सडलेली वाटते. कायदा विचारतो की ते करताना, त्या क्षणी, डोकं ठिकाणावर होतं का. आणि आपण त्या क्षणाचा पुरावा गोळाच करत नाही, तो विरून गेल्यावर चार-पाच वर्षांनी साक्षीपुराव्याला बसतो, मग ज्याच्याकडं फाईल आहे त्याचं डोकं कोर्टाला दिसतं आणि ज्याच्याकडं नाही त्याचं दिसत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण अर्धी चिडचिड तो माहीत नसल्यामुळं होते. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण या बाबतीत पाटी बदलली आणि दुकान तेच राहिलं. जुनं कलम ८४ आता २२ झालंय. विकल मनाच्या माणसाला, कृत्य करताना, आपण काय करतोय हे कळण्याची किंवा जे करतोय ते चुकीचं अगर कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची क्षमताच नसेल, तर तो गुन्हा नाही. बास, एवढंच. 'मनोरुग्ण असेल तर सोडा' असं त्यात कुठंही नाही. स्किझोफ्रेनियाची दहा वर्षांची फाईल असली तरी त्या दिवशी त्या वेळी कळत होतं असं दिसलं तर फाईल घरी न्यायची. संहितेच्या २०२३ च्या पहिल्या मसुद्यात 'मानसिक आजार' असा शब्द घातला होता, तो नंतर काढून परत 'विकल मन' आणलं, आणि ते बरंच झालं, कारण मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जचं व्यसनही येतं, मग काय गोंधळ झाला असता विचार करा.

सात वर्षांखालच्या पोराला गुन्हाच लागत नाही, कलम २०, त्यावर कुणाचं भांडण नाही. सात ते बारामध्ये समज किती होती ते बघायचं, कलम २१, पण अठराच्या खालच्या सगळ्यांना बाल न्याय कायदा असल्यामुळं हे कलम आता कपाटात ठेवलेल्या शेरवानीसारखं झालंय, आहे पण घालायची वेळ येत नाही. मग २३ आणि २४, नशेची. त्यावर पुढं येतो, कारण पुण्यात त्याशिवाय हा विषय संपूच शकत नाही.

हे ८४ आलं कुठून तर लंडनहून. १८४३ साली मॅक्नॉटन नावाच्या स्कॉटिश माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, त्याच्या डोक्यात बसलं होतं की सत्तेतला पक्ष आपल्या जिवावर उठलाय. ज्यूरीने सोडला, लोक खवळले, राणी व्हिक्टोरियाही खवळली, शेवटी तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी न्यायाधीशांना बोलावून विचारलं की नक्की नियम काय. त्यांनी जी उत्तरं दिली ती आपल्याकडं १८६० च्या पीनल कोडात येऊन बसली. म्हणजे 'वेडा म्हणून सुटला' यावर चिडणं ही काही आपल्या ग्रुपवरची नवी गोष्ट नाही, नियमच मुळी त्या चिडण्यातून जन्मलाय. आणि मॅक्नॉटन सुटला म्हणजे घरी गेला असं तर अजिबात नाही, उरलेलं अख्खं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळात काढून १८६५ ला तिथंच मेला.

ही 'सुटला' वाली समजूत आधी डोक्यातून काढून टाकायला पाहिजे. या कलमाखाली निर्दोष ठरला तरी कोर्ट त्याला गेटबाहेर सोडून देत नाही, सुरक्षित जागी ठेवायचा हुकूम करतं, किंवा नातेवाइकांनी हमी घेतली तर त्यांच्या ताब्यात. आणि खटल्याला उभं राहण्याइतकं भान नाही असं ठरलं तर खटला तिथंच थांबतो आणि माणूस इस्पितळात पडून राहतो. किती दिवस? आसाममध्ये एका माणसाला १९५१ साली मारहाणीच्या, म्हणजे गंभीर दुखापतीच्या आरोपात पकडलं, तिथून मनोरुग्णालयात पाठवलं, आणि तो बाहेर आला २००५ साली, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, वयाच्या ७७ व्या वर्षी, खटला न चालता. चोपन्न वर्षं. सरळ गुन्हा कबूल करून शिक्षा भोगली असती तर पन्नाशी-साठच्या दशकातच घरी गेला असता. पेडगाव एवढं लांब असतं बघा.

आता स्वारगेट. २५ जानेवारी २०१२, सकाळची आठ-सव्वाआठची वेळ, त्या दिवशी पुण्यात असलेल्या कुणालाही विचारा तो कुठं होता ते सांगेल. एसटीचाच एक ड्रायव्हर डेपोतून दुसऱ्याचीच बस घेऊन निघाला आणि शहरातून उलटसुलट, राँग साइडने, समोर येईल त्याला उडवत गेला. नऊ माणसं गेली, तीसच्यावर जखमी. ड्युटी बदलून मागितली होती आणि मिळाली नाही, हे कारण खटल्यात पुढं आलं. बचाव वेडाचा होता, आधी सोलापुरात मानसोपचार चालू होते असा. कोर्टाने तो मानला नाही, पुण्याच्या सेशन कोर्टाने २०१३ मध्ये फाशी दिली, शिक्षेवर नीट ऐकून घेतलं नाही म्हणून हायकोर्टाने परत पाठवलं, परत फाशी, मग हायकोर्टाने ती कायम केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप केली.

मला विचाराल तर दोषी ठरवण्यात चूक झाली असं मला वाटत नाही. बस चालवता येणं, वळवता येणं, एवढा वेळ शहरातून नेता येणं यातून 'आपण काय करतोय' हे कळत होतं असं कोर्ट म्हणणार, आणि ८४ च्या शब्दांत ते बसतंही. पण मला जे खुपतं ते वेगळंच आहे. त्या सकाळी त्याला लोकांनी आणि पोलिसांनी मिळून पकडला तेव्हा त्याचं डोकं ज्या अवस्थेत होतं ती अवस्था बघायला त्या तासाला कुणी मानसोपचारतज्ज्ञ होता का? खटला चालला तो आधीच्या काळातल्या उपचाराच्या कागदांवर. एका बाजूला काही वर्षांपूर्वीची चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला नऊ प्रेतं, आणि मधली ती सकाळ कुणी लिहूनच ठेवलेली नाही. त्या नऊ घरांनाही हे नीट कळायचा हक्क होता की आपलं माणूस रागाने गेलं का वेडाने. वाईट दोन्ही आहे पण एकच नाही.

कोर्टं याबाबत अडाणी आहेत असं नाही हं. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय, गुजरातचा खटला, नवऱ्याने बायकोला चाकूचे ४४ वार करून मारलं होतं. तिथं शिक्षा कायम झाली, पण कोर्ट म्हणालं की वेड सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असलं तरी ते दिवाणी दाव्यासारखं, म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त एवढं दाखवलं तरी पुरे, आणि तेही जमलं नाही तरी जो पुरावा आलाय त्यातून मुळात हेतू होता का यावरच वाजवी शंका आली तर तिचा फायदा द्यायचा. यातला दुसरा भाग खालच्या कोर्टात जवळजवळ विसरल्यात जमा आहे. मी युक्तिवादात तो काढला की पीपी, म्हणजे सरकारी वकील, माझ्याकडं असं बघतात की मी अंताक्षरीत जुनं नाट्यगीत काढलं.

आणि २००२ सालचा महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचा खटला. बायकोच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला, आजार पॅरानॉईड स्किझोफ्रेनिया, वडिलांनाही मानसिक आजार. सुप्रीम कोर्टाने सोडला. का? आधी उपचार चालू होते त्याचे कागद होते, घटनेनंतर कोठडीत असताना त्याला पुन्हा पुन्हा उपचाराला न्यावं लागलं त्याची नोंद होती, पळाला नाही, लपवालपवी केली नाही. आधीचे कागद आणि नंतरची नोंद यांच्या चिमटीत कोर्टाला तो मधला क्षण पकडता आला. पोलीसच असल्यामुळं नोंदी सापडल्या असाव्यात हा आपला माझा आगाऊ अंदाज, पण सरकारी नोकरीत माणसाचा कागद होतो हे खरंच आहे.

आता ज्याचा कागद होत नाही त्याचं सांगतो. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतला एक पोरगा, पंचविशीचा, माझ्याकडं विधी सेवातून आला. २०१९ मधली केस. शेजाऱ्याच्या तोंडावर खोऱ्याचा दांडा घातला, शेजारी वाचला पण एक डोळा गेला. पोराला चार-पाच वर्षं आवाज ऐकू येत होते, शेजारी पाण्याच्या टाकीत काहीतरी टाकतो असं धरून बसलेला, गोळ्या चालू असताना बरा असायचा, त्या बंद झाल्या होत्या. त्याची आई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा मी वकिली सवयीने पहिला प्रश्न टाकला, "मावशी, औषधाच्या चिठ्ठ्या आहेत ना?" ती म्हणाली, "साहेब, होत्या की, पत्र्याच्या पेटीत होत्या सगळ्या. कालवा फुटला त्यात पेटीच गेली."

२७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला ते पुण्याला आठवत असेल. जनता वसाहतीपाशी फुटला आणि पाणी सगळं खाली दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं, भरदिवसा, पाऊस नाही काही नाही. भांडी, गॅस, टीव्ही, रेशनकार्डं, दाखले. नुकसानीच्या पंचनाम्यात टीव्ही लिहिला जातो, पोराच्या वेडाचा पुरावा गेला असं कोण लिहिणार. ज्या डॉक्टरांची ट्रीटमेंट होती ते तोवर वारलेले, क्लिनिकच्या जागी मोबाईल कव्हरचं दुकान. मावशींनी एक कॅरीबॅग आणली होती, तिच्यात रिकाम्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणि एक चिठ्ठी जी कशी कोण जाणे राहिली होती, पण भिजून वाळलेली, शाई पसरून निळा डाग झालेला, डॉक्टरांचं नाव अर्धं आणि तारखेचा फक्त महिना. मी ती उन्हात धरून बघितली, मोबाईलवर फोटो काढून मोठी करून बघितली. वर्ष काही दिसलं नाही.

सरकार पक्षाचा हुकमाचा पत्ता काय होता माहितीये? पोराने मारल्यावर तो दांडा सार्वजनिक नळावर धुतला. पुरावा नष्ट केला म्हणजे चूक आहे हे कळत होतं, संपलं. आता मावशी मला सांगायची की तो दिवसातून चार-चार वेळा सगळंच धुवायचा, पाय, चपला, घराचा उंबरा, एकदा तर तिची विड्याची डबी, कारण सगळ्यावर 'ते' लागलंय असं त्याला वाटायचं. धुण्याची कृती एकच, तिचा अर्थ मात्र दोन टोकांचा, आणि तो कळायचा असेल तर त्या संध्याकाळी त्या पोराशी कुणीतरी जाणकार माणसाने अर्धा तास बोलायला हवं होतं. तो अर्धा तास झालाच नाही. अटकेनंतर मेडिकल झालं, कायद्याने करावंच लागतं, त्यात लिहिलेलं की अंगावर जखमा नाहीत, बीपी नॉर्मल. मन नावाचा रकानाच फॉर्मात नव्हता. मानसोपचारवाल्याने त्याला पहिल्यांदा बघितलं ते मी अर्ज करून करून, काही महिन्यांनी, तोवर जेलमध्ये गोळ्या सुरू होऊन तो बऱ्यापैकी शांत झालेला, 'सध्या खटल्यास समर्थ' असा रिपोर्ट आला आणि तो रिपोर्टच मग आमच्या डोक्यात बसला. पाच वर्षं शिक्षा झाली, ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. योगायोग म्हणा, आसामच्या त्या माणसावरचं कलमही हेच होतं.

तो खरंच ८४ मध्ये बसत होता का? मला शंभर टक्के सांगता यायचं नाही, आणि तीच तर रड आहे, मलाही नाही, जजसाहेबांनाही नाही, ज्याचा डोळा गेला त्यालाही नाही.

आता नशा. इथं लोकांना वाटतं की दारू पिऊन केलं म्हणजे सूट मिळते. उलट आहे. स्वतःहून प्यायला असशील तर कायदा असं धरतो की तुला शुद्धीतल्या माणसाइतकंच कळत होतं, सूट फक्त दुसऱ्याने फसवून किंवा जबरदस्तीने पाजली तर. १९५६ चा एक जुना खटला आहे, पेप्सू राज्यातला, म्हणजे आताचा पंजाबचा भाग. लग्नाचं जेवण, एक निवृत्त लष्करी जमादार भरपूर प्यायलेला, बसायच्या जागेवरून पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला म्हणाला सरक, पोरगा सरकला नाही, याने पिस्तूल काढून पोटात गोळी घातली. कोर्ट म्हणालं, चालताना झोकांड्या जात असतील पण चालत होता, बोलत होता, खून तो खूनच. मला हा नियम कडक वाटतो आणि बरोबरही वाटतो, कारण पहिला पेला उचलताना तर डोकं ठिकाणावर होतं ना.

पण हा नियम लावायचा तर किती प्यायला होता ते कळायला पाहिजे, आणि ते रक्तात असतं, आणि रक्तातून काही तासांत उतरतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले, चालवणारा सतरा वर्षांचा, आणि त्याला काही तासांत बेल आणि तीनशे शब्दांचा निबंध. अख्खा देश त्या निबंधावर हसला आणि चिडला, मीही. पण माझ्या मते त्या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट निबंध नव्हतीच, ती म्हणजे रक्ताचे नमुने बदलले हा आरोप, ज्यात डॉक्टरांनाही अटक झाली. निबंधाची ऑर्डर नंतर फिरवता येते, ती फिरलीही. उतरून गेलेली दारू कुठलं हायकोर्ट परत रक्तात आणणार? दांडेकर पुलाच्या पोराचा पुरावा कालव्यात वाहून गेला, इथं तो कचऱ्यात टाकल्याचा आरोप आहे. एकाच्या घरात पाणी शिरलं, दुसऱ्याच्या घरात पैसा होता, आणि दोन्हीकडं गेला तो नेमका तो क्षणच.

त्या मुलाला सज्ञान धरून खटला चालवा अशी मागणी पोलिसांनी केली, जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने ती फेटाळली, आणि परत बोंब झाली की बघा श्रीमंताचा पोरगा. जरा थांबा. २०१५ चा कायदा, जो दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर आला, तो म्हणतो की सोळा ते अठराच्या मुलाने 'हीनस' वर्गातला गुन्हा केला असेल तर मंडळाने त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासून ठरवायचं की सज्ञानासारखा खटला चालवायचा का. हीनस म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेला. ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, त्याला आयपीसीमध्ये किमान शिक्षाच दिलेली नव्हती, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की किमान सात नसेल तर तो गुन्हा या वर्गात धरायचा नाही. आवडत नसेल तर कायदा बदला म्हणा, पण मंडळाच्या नावाने बोटं मोडायची असतील तर आधी हे वाचा. आणि याच कायद्याचा फायदा वर्षभर ज्या शेकडो पोरांना मिळतो त्यात पोर्शेवाला कोण असतो, बहुतेक मोबाईल उचलणारी, कोयता घेऊन रील काढणारी, हडपसर-बिबवेवाडी-येरवड्याची पोरं असतात. एका पोर्शेसाठी नियम कडक केला की चिरडली जाणार ती ही.

तरी त्या तपासणीचं माझं दुखणं तेच, क्षणाचं. कायदा तीन महिन्यांत तपासणी उरकायला सांगतो. सोळा-सतरा वर्षांचं पोर तीन महिने निरीक्षणगृहात राहून, वकील भेटून, आई रडताना बघून किती बदलतं हे ज्याच्या घरात त्या वयाचं पोर आहे त्याला मी काय सांगू. सुप्रीम कोर्टानेच २०२२ मध्ये म्हटलंय की हे काम नाजूक आहे, जाणकार मानसशास्त्रज्ञाशिवाय करायचं नाही, आणि बुद्धी असणं आणि परिणाम कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीला नव्वद टक्के पडले म्हणजे परिणाम कळतो असं नाही, हे तर पुण्यात कुठल्याही क्लासच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं तरी कळेल.

मग करायचं काय. माझी मागणी साधी आहे आणि तिला कलम ८४-२२ चा एक शब्दही बदलावा लागत नाही. अटकेनंतर जे मेडिकल होतंच, त्यात खून, खुनाचा प्रयत्न, गंभीर दुखापत, बलात्कार, जाळपोळ अशा गुन्ह्यांत चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, व्हिडिओ चालू ठेवून, आरोपीने मागितली असो वा नसो. व्हिडिओ सीलबंद. वेडाचा बचाव कुणी घेतला तरच उघडायचा. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, हे मलाही माहीत आहे, पण जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग असतो, आणि कोर्टात रिमांड व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतो तर ही तपासणी का नाही.

यावर माझेच मित्र दोन अंगांनी तुटून पडतात. वकील मित्र म्हणतात, अरे हे म्हणजे आरोपीकडून स्वतःविरुद्ध बोलवून घेणं, घटनेचं २०(३) कुठं गेलं. मुद्दा खरा आहे, २०१० मध्ये नार्को चाचणीवर सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं. म्हणून तर सील, आणि त्यात तो जे बोलला ते 'केलं का' यासाठी वापरायचंच नाही, फक्त 'कळत होतं का' यासाठी. एवढी भिंत घालता येते. दुसरा मित्र पोलिसात आहे, तो म्हणतो, साहेब, तुम्ही सगळ्यांना सोंगं करायला शिकवताय. मला उलटं वाटतं. वकिलाने शिकवलेलं सोंग चार महिन्यांनी छान वठतं, पहिल्या रात्री नाही वठत. त्या रात्री माणूस जसा असतो तसाच असतो, आणि जाणकार डॉक्टरला बनवणं आपल्याला पिक्चर बघून वाटतं तितकं सोपं नाही. सोंग करणारा उघडा पडावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी तर ही मागणी माझ्याआधी करायला हवी. तो मित्र यावर काही बोलला नाही, चहाचे पैसे मात्र मला द्यायला लावले.

इंग्लंडने १९५७ साली अर्ध्या जबाबदारीची पायरी आणली, म्हणजे डोकं पूर्ण गेलेलं नाही पण बरंच बिघडलेलं असेल तर खुनाऐवजी खालचा गुन्हा. आपल्याकडं अजून आर किंवा पार, एक तर साफ शहाणा नाही तर साफ वेडा. तीही पायरी इथं यावी असं मला वाटतं, पण आधी तो क्षण तर हातात येऊ दे, त्याशिवाय पायऱ्या बांधून उपयोग काय.

दांडेकर पुलाचा पोरगा सुटलाय. आत गेलेला काळ वजा होऊन लवकरच सुटला. आता आईबरोबर दर महिन्याला सरकारी ओपीडीत जातो, गोळ्या घेतो, एका सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुवायच्या कामाला जातो, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. मावशींनी नवीन केसपेपर लॅमिनेट करून घेतलेत आणि ते पेटीत नाही, वर पत्र्याच्या खालच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवलेत, पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर अजून आहे, तिच्याही वर. शिवाय दर वेळी ओपीडीतून बाहेर आल्या की शेजारच्या पोरीकडून चिठ्ठीचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. परवाच आला, आणि पाठोपाठ व्हॉइस मेसेज, मागं रिक्षांचे हॉर्न वाजतायत, "साहेब, ह्याच्यात तारीख नीट दिसती का बघा, नाहीतर परत काढून पाठवते."